निरनिराळ्या सवयींच्या कर्मचाऱ्यांसाठी कोणते वेबमेल निवडावे?

कार्यालयातील लिपिक, पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधील पर्यवेक्षक आणि साठी ओलांडलेले संचालक या सर्वांना कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरील मेल पाहण्यासाठी एकच वेबमेल (ब्राउझरमध्ये मेल उघडण्याची प्रणाली) द्यावे का, आणि द्यायचे तर कोणते, असे आपण विचारले आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची मेलव्यवस्था मी काही वर्षे सांभाळली. त्या अनुभवावरून मी राउंडक्यूब हे वेबमेल सुचवेन.

याचे मुख्य कारण पॅकहाउस हेच आहे. तिथला माणूस मेल मोबाइलवरच उघडणार, आणि राउंडक्यूबच्या २०१९ च्या १.४ आवृत्तीपासून त्यात ‘इलॅस्टिक’ हे लहान पडद्याशी जुळवून घेणारे रूप आले आहे. स्क्विरलमेल हे जुने वेबमेल साधे आणि हलके होते हे खरे, परंतु त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०११ ची असल्याने केवळ जुन्यांच्या सवयीखातर ते चालू ठेवू नये. सामायिक दिनदर्शिका हवी असेल तरच ती सोय देणाऱ्या सोगो या वेबमेलचा विचार करावा.

आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीमुळे पत्रे सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे जुने आणि नवे वेबमेल महिनाभर शेजारी-शेजारी चालवता येतात. मात्र पत्त्यांची वही आणि स्वाक्षरी सामान्यतः प्रत्येक वेबमेल स्वतःजवळ वेगळी ठेवते, ती आपोआप येत नाही. आमच्याकडे जुने वेबमेल पाठवलेली पत्रे ‘सेंट आयटम्स’मध्ये ठेवत असे आणि नवे ती ‘सेंट’मध्ये शोधत असे, पत्रे एकही हरवली नव्हती, पण पहिल्या सोमवारी लेखा विभागाने सगळे उडाले म्हणून मला धारेवर धरले (चूक माझीच होती). फोल्डरांची ही जुळणी आधी करून घ्यावी.

जोडपत्रांची मर्यादाही तपासावी. राउंडक्यूब ज्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालते, तिच्यात ती मुळात अवघी २ एमबी असते आणि तपासणी अहवालांच्या स्कॅन केलेल्या प्रती तेवढ्यात सहसा मावत नाहीत.

जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधील एक गंभीर सुरक्षा त्रुटी १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत दुरुस्त झाली, म्हणून त्याहून जुनी आवृत्ती बसवू नये. आणि पहिली चाचणी संगणक विभागात न घेता पर्यवेक्षकाच्या हाती त्याचाच मोबाइल देऊन, पॅकहाउसमध्ये जसे नेटवर्क मिळते त्यावरच घ्यावी.