‘इंजिन सीलपॅक आहे’ या तीन शब्दांची किंमत

प्रश्न : मी नाशिकला राहतो. जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून चार वर्षे वापरलेली मोटारसायकल १ लाख ६५ हजार रुपयांना घेतली. ‘इंजिन सीलपॅक आहे, कधी उघडलेले नाही’ असे त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले होते. पावतीवर मात्र ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली’ असा शिक्का आहे. सहा आठवड्यांत, जेमतेम १,१०० किलोमीटर चालवल्यावर, इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. मिस्त्रीने टाकी उतरवून हेड उघडले तेव्हा कॅमशाफ्ट आणि रॉकर (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) झिजलेले निघाले. टाकीखालच्या सांध्यातून राखाडी सिलंट (सांधा बंद करण्याची पेस्ट) बाहेर आलेला होता आणि बोल्टच्या माथ्यांवर पान्याचे ओरखडे होते. त्या साली निघालेल्या या मॉडेलमध्ये हा दोष असतोच आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे, असे मिस्त्री म्हणतो. दुरुस्तीला ३८ हजार रुपये लागतील. विक्रेता, कंपनी किंवा आधीचा मालक, यांपैकी कोणाकडून भरपाई मिळू शकेल?

उत्तर : ‘हे सगळ्यांना ठाऊक आहे’ हे वाक्य आपल्या तक्रारीत कोठेही लिहू नका. जे सगळ्यांना ठाऊक होते ते आपल्याला का ठाऊक नव्हते, असा पहिला प्रश्न समोरचा वकील विचारील आणि त्याला मालविक्री कायदा, १९३० यातील कलम १६ चा आधार मिळेल. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे अशी अट कायदा गृहीत धरतो खरा. परंतु ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्यापुरती ती अट लागू होत नाही. शिवाय चार वर्षे वापरलेल्या गाडीकडून नव्या गाडीचा दर्जा अपेक्षित धरता येत नाही, आणि कलम ६२ नुसार अशा गृहीत अटी उभयपक्षी करार करून बाजूला ठेवता येतात. पावतीवरचा शिक्का विक्रेत्याने त्यासाठीच मारला आहे.

आपले खरे बळ त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खाली दिलेले घोड्याचे उदाहरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते : घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विकणारा लिलावात काहीच बोलला नाही, तर ते कपट ठरत नाही, पण ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’ असे घेणाऱ्याने म्हटल्यावरही तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. आपला विक्रेता तर गप्पही राहिला नाही. इंजिन कधी उघडलेले नाही, हे विशिष्ट विधान त्याने लिहून दिले, आणि सिलंट व ओरखडे ते खोटे ठरवतात.

तो म्हणेल की आधीच्या मालकाने मलाच तसे सांगितले होते. ते सिद्ध झाले तर प्रकरण कपटाचे न राहता कलम १८ खालच्या चुकीच्या निवेदनाचे होईल, आणि तेथे ‘साधी दक्षता घेतली असती तर सत्य कळले असते’ हा कलम १९ मधील बचाव त्याला घेता येतो. जाणूनबुजून केलेल्या कपटाला तो मिळत नाही. आपले उत्तर असे असावे की हे सिलंट टाकी उतरवल्यावरच दिसले आणि दुकानात उभा असलेला कोणताही ग्राहक टाकी उतरवून पाहत नाही. माझ्या मते मात्र कपट सिद्ध करण्याच्या भानगडीत फार न पडता, ते विधान ही गाडीविषयीची स्पष्ट हमी होती आणि ती मोडल्यामुळे मालविक्री कायद्याच्या कलम ५९ नुसार नुकसानभरपाई द्यावी, ही मुख्य मागणी ठेवावी. शिक्का गृहीत अटींना बाजूला सारू शकेल, स्वतः लिहून दिलेल्या हमीला सारणे त्याला जड जाईल.

एक दुवा अजून कच्चा आहे. इंजिन पूर्वी उघडले होते एवढ्याने कॅमशाफ्ट विक्रीच्या दिवशीच झिजलेला होता हे सिद्ध होत नाही. एवढी झीज १,१०० किलोमीटरमध्ये होऊ शकते का, यावर जाणकाराचे लेखी मत लागेल. मिस्त्रीच्या तोंडी बोलण्यापेक्षा परवानाधारक सर्व्हेअरचा छायाचित्रांसह अहवाल अधिक चालतो. विक्रीच्या वेळचा आणि आजचा मीटरचा आकडा त्यात नोंदवून घ्या. काढलेले भाग आजच गॅरेजमधून ताब्यात घ्या, कारण ते भंगारात गेले तर ग्राहक आयोगाला प्रयोगशाळेकडे पाठवण्यासारखे काहीच उरणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण मूळ फोनमध्ये जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

कंपनीविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष उत्पादनाने झालेल्या हानीच्या जबाबदारीची, तरतूद आहे आणि कलम ८४ मध्ये रचनेतील दोषाचा स्पष्ट उल्लेखही आहे. पण या दायित्वापुरत्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे झालेले नुकसान वगळलेले आहे. इंजिन अडकून आपण पडला असता तर गोष्ट वेगळी होती. केवळ ३८ हजारांच्या दुरुस्तीसाठी हा मार्ग उपयोगाचा नाही. चासी क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) आहे का ते मात्र जरूर पाहा. रिकॉल एका मॉडेलच्या सरसकट सगळ्या गाड्यांचा असतोच असे नाही : रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलसाठी जाहीर केलेला रिकॉल डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या २,३६,९६६ गाड्यांपुरता होता. आपली गाडी अशा यादीत निघाली, तर त्या दोषाची दुरुस्ती दुसऱ्या मालकालाही विनामूल्य मिळायला हवी.

आधीच्या मालकाशी आपला करार झाला होता का, हे मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ वर विक्रेता म्हणून कोणाची सही आहे आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले यावरून ठरेल. ‘मी फक्त मधला माणूस’ हे दुकानदारांचे आवडते वाक्य आहे. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते त्याच्याकडे आहे का, याची विचारणा विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीतच करा.

गाडी परत देऊन पूर्ण रक्कम मागण्याचा हट्ट मी धरणार नाही. ती आपण चालवली आहे आणि दोष कळल्यावरही चालवत राहिलात तर आपण व्यवहार मान्य केला असे म्हटले जाईल. दुरुस्तीचा खर्च, अहवालाची फी आणि मनस्तापाची माफक भरपाई मागणारी नोटीस पोचपावतीसह पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आले नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असली तरी नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या, आणि अहवाल हाती येईपर्यंत मिस्त्रीला हेड बसवू देऊ नका.