‘२ मिनिटे’ म्हणजे किती? बस-फलकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : थांब्यावरच्या फलकावर ‘२ मिनिटे’ हा आकडा कधी कधी पाच-सात मिनिटे जागचा हलत नाही. मग ती बस फलकावरून गायबच होते आणि प्रत्यक्षात येतही नाही. असे का?

उत्तर : आकडा अडकणे आणि बस गायब होणे या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

बसमधले जीपीएस यंत्र साधारण दर १० ते ३० सेकंदांनी आपली जागा मोबाइल नेटवर्कवरून मुख्य संगणकाला कळवते. संगणक ती जागा मार्गाच्या रेषेवर बसवतो आणि तिथून तुमच्या थांब्यापर्यंत किती वेळ लागेल हे प्रत्येक वेळी नव्याने मोजतो. बस सिग्नलला किंवा कोंडीत उभी असेल, तर दर वेळी जागा तीच आणि म्हणून उत्तरही तेच, २ मिनिटे. बस आत्ता हलली तर दोन मिनिटांत पोहोचेल, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. अडकलेला आकडा चिडचिड करायला लावतो, पण तो बहुधा खरा असतो.

गायब होणारी बस मात्र वेगळी. सर्वांत जास्त वेळा घडते ते असे की ती फेरी रद्द झालेली असते आणि ते कोणी यंत्रणेत नोंदवलेले नसते. बसकडून माहिती येत नाही म्हणून फलक वेळापत्रकातली वेळ दाखवतो, ती वेळ उलटली की ओळ काढून टाकतो. दुसरे कारण जीपीएसचे. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो, जागा शंभरेक मीटर पुढे सरकते आणि बस थांबा ओलांडून गेली असे संगणकाला वाटते. अशी बस फलकावरून जाते, पण रस्त्यावर मात्र येते. तेव्हा ओळ गेली म्हणून लगेच रिक्षा करू नका, एखादे मिनिट रस्त्याकडे बघा.

याच्या उलटही होते. बस धावत असते, पण फेरी सुरू करताना चालकाच्या यंत्रावर फेरीचा क्रमांक टाकलेला नसतो. मग ती बस कोणत्या मार्गाची हेच यंत्रणेला कळत नाही आणि ती फलकावर न दिसताच समोर येऊन उभी राहते.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. आकडा घड्याळाबरहुकूम ९, ८, ७, ६ असा उतरत असेल, तर संशय घ्या. तो बहुधा वेळापत्रकातून आलेला असतो. खऱ्या बसचा आकडा अडखळतो, ६ वरून परत ७ होतो आणि मग एकदम ४ वर येतो.

प्रश्न : मार्गाच्या पहिल्याच थांब्यावर फलक सर्वांत जास्त चुकतो, असे का? बस तर तिथेच समोर उभी असते.

उत्तर : बस उभी आहे म्हणूनच. धावत्या बसच्या वेगावरून अंदाज बांधता येतो, पण उभी बस कधी सुटेल हे चालकाच्या विश्रांतीवर, नियंत्रकाच्या सूचनेवर आणि आधीची फेरी किती उशिरा संपली यावर ठरते. साध्या यंत्रणा इथे सरळ वेळापत्रकातली सुटण्याची वेळ दाखवतात. बरी यंत्रणा त्या गाडीची दिवसभराची फेऱ्यांची साखळी पाहते. आधीची फेरी १२ मिनिटे उशिरा येत आहे आणि मधली विश्रांती ८ मिनिटांची आहे, तर पुढची फेरी निदान ४ मिनिटे उशिरा सुटणार हे तिला आधीच कळते. वेळापत्रकाच्या फायलीत ही साखळी भरलेलीच नसेल, तर चांगले सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. पहिल्या दोन-तीन थांब्यांवर आकड्यापेक्षा बस दिसते का, यावर भरवसा ठेवावा.

प्रश्न : मोबाइल ॲप म्हणते ४ मिनिटे, फलक म्हणतो ३. खरे कोण?

उत्तर : बहुधा दोघेही. २३० सेकंद म्हणजे ३ मिनिटे ५० सेकंद. एक खाली पूर्णांक धरतो, दुसरा जवळचा. आमच्या मते खाली धरणेच योग्य, कारण प्रवासी थोडा लवकर पोहोचला तर चालते, बस चुकली तर नाही. फरक तीन-चार मिनिटांचा असेल, तर दोघांपैकी एकाकडची माहिती शिळी आहे किंवा दोघांची अंदाज बांधायची पद्धत वेगळी आहे. ज्यावर ‘शेवटचे अद्ययावत’ ही वेळ दिसते त्याला झुकते माप द्या.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी जवळच्या थांब्याचा छोटा फलक स्वतः बनवून लावायचा आहे. काय लागेल आणि कुठे फसायला होते?

उत्तर : आधी पाहा की तुमची परिवहन सेवा जीटीएफएस आणि जीटीएफएस रिअलटाइम या सार्वजनिक वाहतुकीच्या प्रमाण स्वरूपांत माहिती खुली करते का. पहिल्यात वेळापत्रक, थांबे आणि मार्ग असतात, दुसऱ्यात चालू फेऱ्यांचे बदल, गाड्यांच्या जागा आणि सूचना. ही माहिती मिळत नसेल, तर सामान विकत घेऊ नका.

सामान असे : ठिपक्या-ठिपक्यांत ४ मिलिमीटर अंतर असलेले, ६४ × ३२ ठिपक्यांचे, एचयूबी-७५ जोडणीचे दोन एलईडी पॅनेल. शेजारी-शेजारी लावले की ५१२ × १२८ मिलिमीटरचा पडदा होतो. सोबत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि ५ व्होल्ट, १० अँपिअरचा वीजपुरवठा. सगळे ठिपके पांढरे पेटले तर एक पॅनेल ४ अँपिअरपर्यंत ओढते. नुसत्या अक्षरांना त्याच्या बरेच कमी लागते, पण पुरवठा पूर्ण क्षमतेचाच घ्या. प्रत्येक पॅनेलला वीज थेट पुरवठ्यापासून स्वतंत्र जाड तारेने द्या, पायमधून कधीही देऊ नका. सगळ्यांचा ग्राउंड एक हवा. अक्षरांभोवती भुताटकीसारखे ठिपके चमकू लागले, तर पायचे ३.३ व्होल्टचे संकेत ५ व्होल्टच्या पॅनेलला अपुरे पडत आहेत. मध्ये संकेत ५ व्होल्टवर चढवणारी ७४एएचसीटी२४५ ही चिप टाका आणि रिबन केबल आखूड ठेवा.

पायऐवजी ईएसपी३२ ही वाय-फाय असलेली छोटी चिप वापरायची असेल, तर एक अडचण आहे. मोठ्या शहराची पूर्ण फीड, म्हणजे परिवहन सेवेकडून येणारी ताज्या माहितीची फाइल, काही मेगाबाइटची असू शकते आणि त्या चिपवर मेमरी असते ५२० किलोबाइट. म्हणून एखाद्या सतत चालू संगणकावर छोटा प्रोग्राम ठेवावा लागतो. तो फीड उतरवून तुमच्या थांब्यापुरती माहिती गाळतो आणि तेवढीच चिपला देतो.

मग थांब्याचा क्रमांक शोधा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या थांब्यांचे नाव एकच असते, क्रमांक वेगळे असतात. बहुतेक घरगुती फलक पहिल्या दिवशी उलट्या दिशेच्या बस दाखवतात ते यामुळेच. नकाशावर अक्षांश-रेखांश टाकून खात्री करा.

फीड दर ३० सेकंदांनी मागवा. त्याहून घाई करून ताजे काही मिळत नाही, उलट सर्व्हर तुम्हाला अडवतो. फीडमधल्या वेळा १९७० पासूनच्या सेकंदांत असतात, म्हणून फलकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. घड्याळ दोन मिनिटे चुकले की सगळे आकडे दोन मिनिटे चुकले. वेळापत्रकात मध्यरात्रीनंतरची फेरी २५:१० अशी लिहिलेली असते. ती चूक नाही, आदल्या दिवसाच्या सेवेतली रात्री १ वाजून १० मिनिटांची वेळ आहे. हे न हाताळलेला प्रोग्राम शेवटच्या बस गिळतो.

वेळापत्रकाची फाइल रोज रात्री नव्याने उतरवा. ती बदलली की फेऱ्यांचे क्रमांक बदलतात, जुन्या फाइलशी ते जुळत नाहीत आणि एका सकाळी फलक अचानक रिकामा दिसतो. तार-बीर तपासण्याआधी हे तपासा.

मराठी अक्षरांचा घोळ स्वतंत्र आहे. साधी अक्षर-लायब्ररी जोडाक्षरे जुळवत नाही आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न ठेवता नंतर टाकते. पायवर पिलो ही पायथॉनची चित्र-लायब्ररी वापरत असाल, तर त्यात राक्म हा जुळणी-भाग चालू आहे का ते पाहा. ईएसपी३२ असेल तर गंतव्याची नावे संगणकावर आधीच चित्ररूपात बनवून ठेवणे सोपे. एका ओळीला १६ ठिपके द्या. रोमन अक्षरे ७ ठिपक्यांत बसतात, पण शिरोरेखा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात मावत नाहीत. दोनच ओळी मिळतील, तेवढ्या पुरे. मार्ग क्रमांक आणि मिनिटे सरकवू नका, ती जागेवर स्थिर हवीत. सरकायचेच असेल तर लांब नाव सरकू द्या.

शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. दारापासून थांब्यापर्यंत चालायला ४ मिनिटे लागत असतील, तर त्याहून जवळ आलेल्या बस दाखवूच नका. आणि फीडचा काळशिक्का ९० सेकंदांहून जुना झाला की आकड्यांचा रंग बदलून शेजारी एखादे चिन्हही द्या, नुसता रंग सगळ्यांना ओळखता येत नाही. पाच मिनिटे उलटली की मिनिटे काढून टाका आणि ‘वेळापत्रकानुसार’ असे लिहून घड्याळी वेळ दाखवा. शिळा आकडा ताजा म्हणून दाखवणाऱ्या फलकापेक्षा बंद फलक बरा. त्यावर कोणी फसत तरी नाही.

प्रश्न : वीज नसलेल्या थांब्यावर सौरऊर्जेवरचा ई-पेपर फलक एलईडीपेक्षा चांगला का?

उत्तर : उन्हात तो कागदासारखा स्वच्छ वाचता येतो आणि चित्र बदलतानाच वीज घेतो. खरी वीज मोबाइल नेटवर्कवरून माहिती आणणारा मोडेम खातो, म्हणून बॅटरीचा हिशेब पडद्यावरून न करता मोडेम किती वेळा जागा होतो यावरून करा. दहा मिनिटांहून लांबच्या बसची घड्याळी वेळ आणि जवळच्यांची मिनिटे दाखवली, तर पडदा कमी वेळा बदलावा लागतो. रात्री मात्र त्याला बाहेरून दिवा हवा, आणि कडक थंडीत चित्र बदलायला वेळ लागतो. तीन रंगांचे पडदे टाळा, त्यांना एकदा बदलायला पंधरा सेकंदही लागतात.

त्याचा धोका त्याच्या गुणातच आहे. वीज गेली तरी शेवटचे चित्र तसेच राहते, त्यामुळे मेलेला फलक जिवंत दिसतो. कोपऱ्यात ‘माहिती किती वाजताची’ हे छापल्याशिवाय असा फलक लावू नये, आणि बॅटरी संपत आली की शेवटचे चित्र ‘फलक बंद’ हेच असावे.

प्रश्न : दृष्टिहीन प्रवाशांसाठी फलकाला आवाज देताना क्रम काय असावा?

उत्तर : बटण दाबल्यावर आधी थांब्याचे नाव, मग प्रत्येक बससाठी मार्ग क्रमांक, गंतव्य आणि मिनिटे. तीनहून जास्त बस एका दमात सांगू नका, लक्षात राहत नाहीत. क्रमांक लोक जसा म्हणतात तसाच उच्चारा. माहिती वेळापत्रकातली असेल, तर ‘अंदाजे’ हा शब्द मिनिटांच्या आधी यायला हवा. मिनिटे ऐकली की माणूस पुढच्या बसकडे लक्ष वळवतो, मागून आलेला ‘अंदाजे’ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.