सहीच्या फोटोनंतरचं लिही

चि. बातमीदार हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारच्या पुरवणीसाठीचा तुझा लेख रात्री दोनदा वाचला. घानातल्या अक्राचा अठरा वर्षांचा मुलगा, युरोपातला बडा फुटबॉल क्लब, पाच वर्षांचा करार, हातात जर्सी धरलेला फोटो. भाषा पळती आहे, कुठे अडखळायला होत नाही. हेडिंगला मात्र हसू आलं. 'शून्यातून शिखराकडे'! अगं, शिखर कुठलं? पोरगं आत्ता कुठं पायथ्याच्या एसटी स्टँडवर उतरलंय. त्याची पुढची गाडी कुठल्या फलाटावर लागते तेही त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे मग तुझ्या काढायला मोकळा.

ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. मालीची पोरं तिथे गटातले दोन सामने खेळली आणि स्पेनविरुद्धची उपांत्य लढतही. मला त्या संघात एकच जण दिसला, आघाडीचा लासाना एन्दियाये. स्पर्धेत सहा गोल. मी ठोकून दिलं, 'उद्याचा बादशहा'. पुढे मॉस्कोच्या सीएसकेए क्लबने त्याला घेतलंही, पण बादशहा काही तो झाला नाही. त्याच संघात मधल्या फळीत मोहम्मद कामारा होता. चेंडू काढून घ्यायचा, दोन पावलांत देऊन टाकायचा, परत आपल्या जागेवर. ऑस्ट्रियाच्या साल्झबर्ग क्लबमार्गे तो फ्रेंच लीगमधल्या मोनॅकोला पोचला. माझ्या कॉपीत त्याच्यावर एक ओळ नाही. घानाच्या संघात, पुढे युरोपात नाव काढलेला मोहम्मद कुदुस होता. घाना-नायजर सामना नेरुळलाच झाला, मी हजर होतो. ती वही अजून आहे, परवा काढून पाहिली. पान उलटलं तर वडापावचा हिशेब सापडला, कुदुस सापडला नाही.

तेव्हा कोण मोठा होणार हे लिहायच्या भानगडीत तू पडू नकोस. ते आपल्याला कळत नाही, क्लबांनाही फारसं कळत नाही. जे कळू शकतं ते लिही.

तू लिहिलंयस, 'आणि अचानक त्याचं नशीब उघडलं.' त्याची जन्मतारीख आणि सहीची तारीख शेजारी शेजारी मांडून बघ. फिफाच्या नियमावलीतलं १९वं कलम आहे: अठरा पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदवता येत नाही. अपवाद आहेत, पण आई-बाप घरी ठेवून फुटबॉलसाठीच निघालेल्या घानाच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. परदेशी अल्पवयीन मुलांच्या नोंदणीवरून २०१४ मध्ये फिफाने बार्सिलोनासारख्या क्लबवर दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे खेळाडू घेण्याच्या दोन मुदतींची, बंदी घातली होती. म्हणून अशा बातम्या वाढदिवसाला चिकटून येतात. कुदुसचा जन्म २ ऑगस्ट २०००. डेन्मार्कच्या नॉर्डशेलँडकडून तो पहिला सामना खेळला ऑगस्ट २०१८ च्या पहिल्याच आठवड्यात. नशीब वाढदिवसाची वाट बघत दारात उभं होतं, एवढंच. त्या आधीची वर्षं कोण कुठे बसून मोजत होतं, ती खरी बातमी.

तो कुदुस काही 'धुळीतून' थेट आला नव्हता. जन्म अक्रातल्या निमा वस्तीतला, पण वाढला 'राइट टू ड्रीम' अकादमीत. मँचेस्टर युनायटेडसाठी आफ्रिकेत खेळाडू हेरणाऱ्या टॉम व्हर्नन यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली, आणि पुढे याच अकादमीने नॉर्डशेलँड क्लबच विकत घेतला. म्हणजे घानातल्या शाळेच्या हातात डेन्मार्कचा संघ! सेनेगलची 'जेनेरासियों फुट' तशीच, तिचं फ्रान्सच्या मेट्झशी बांधलेलं नातं. सेनेगलचा तारा सादिओ माने त्या वाटेने गेला. या वाटा आहेत, त्यांना मालक आहेत, वेळापत्रकं आहेत. तुझा मुलगा कुठल्या वाटेने आला? लेखात अकादमीचं नाव एकदा येतं, अनवाणी पाय तीनदा.

आता क्लबचं. 'बड्या क्लबकडून खेळणार' असं तू लिहिलंस. सही केली म्हणजे खेळणार असं नव्हे. सेनेगलच्या पाप मातार सारला २०२१ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅमने मेट्झकडून घेतलं आणि लगेच वर्षभरासाठी मेट्झलाच उसना परत दिला. इंग्लंडमध्ये तर ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, परदेशी खेळाडूला परवान्यासाठी गुण लागतात. देशासाठी किती सामने, कुठल्या लीगमध्ये किती मिनिटं. ते भरले नाहीत तर पोरगं बेल्जियममध्ये नाही तर आणखी कुठे जाऊन बसतं. तेव्हा विचार: पहिला मोसम कुठे? उसना जाणार का? राखीव संघात का? कराराची वर्षं पाच आहेत, त्यातली तिथे राहायची किती?

यावर मला ओसिमेनची गोष्ट नेहमी आठवते. नायजेरियाचा व्हिक्टर ओसिमेन लागोसच्या ट्रॅफिकमध्ये गाड्यांच्या मधून पाण्याच्या पिशव्या विकायचा, हे सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं. २०१५ मध्ये चिलीतल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात दहा गोल, विक्रम, नायजेरिया विजेता. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीचा वोल्फ्सबुर्ग. हेडिंगं तुझ्यासारखीच आली असणार. आणि मग? तिथल्या लीगमध्ये, बुंडेसलिगात, एकही गोल नाही. दुखापती. २०१८ च्या उन्हाळ्यात मलेरिया. बेल्जियममध्ये झुल्टे वारेगेमने चाचणी घेऊन नको म्हटलं, ब्रुगनेही नको म्हटलं. शेवटी शार्लरुआने उसना घेतला आणि तिथे एका मोसमात वीस गोल झाले. मग फ्रान्सचं लिल, मग २०२० मध्ये इटलीचं नेपोली. २०२३ मध्ये नेपोलीने तेहेतीस वर्षांनी इटलीची लीग जिंकली तेव्हा लीगमध्ये सर्वांत जास्त, २६ गोल त्याचे होते, आणि त्याच वर्षी तो आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

पाण्याच्या पिशव्या आणि नेपोली यांच्या मधे शार्लरुआ आहे. ते स्टेशन गाळून कुणी ओसिमेन लिहिला की समजावं, याने गाडीतून खिडकीबाहेर पाहिलेलंच नाही. तुझा मुलगाही आपलं शार्लरुआ शोधत फिरेल, बहुतेक. तेव्हा आपल्या पानावर त्याला दोन इंचही मिळणार नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

विशेषणांबद्दल थोडं. लाल पेन घेऊन तुझी विशेषणं मोजली. बिबट्याची चपळाई, पोलादी शरीर, अफाट दमसास, नैसर्गिक ताकद. चौदा वेळा शरीर, आणि एकदाही डोकं नाही. तो पास कधी देतो, मान वर कधी करतो, बचावपटूला कुठल्या पायावर आणतो? व्हिडिओ तर तू पाहिलेस. गोऱ्या मुलाबद्दल लिहिताना आपण 'खेळ वाचतो' म्हणतो आणि काळ्या मुलाबद्दल 'वाऱ्यासारखा पळतो'. मीही हेच केलं, कामाराला वाचलं नाही, सहा गोलवाल्याच्या मागे पळालो.

आता पैसा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्या लेखात मला हाच हवा आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वयात ज्या क्लबांकडे शिकला त्यांच्यात वाटायचे असतात. बारा ते पंधरा या चार वर्षांचे वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाचा अर्धा टक्का. समज, विक्री शंभर कोटींची झाली आणि एखाद्या गल्लीतल्या क्लबने त्याला बाराव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत सांभाळला. पहिल्या चार वर्षांचे एक कोटी, सोळा-सतराचे एक कोटी. दोन कोटी! त्यात मैदान होतं, बूट होतात, पोरांना दूध-अंडी होतात. पण मिळणार कधी? तर त्या वर्षी त्या क्लबने त्याचं नाव संघटनेकडे नोंदवलं असेल तर. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पॅरिसमध्ये फिफाचं क्लिअरिंग हाउस, म्हणजे हे वाटे पोचवणारं कार्यालय, यासाठीच चालतं, पण तेही कागदावरच चालतं. तालमीच्या कपाटातलं रजिस्टर वाळवीने खाल्लं की काय होतं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. त्या मुलाच्या पहिल्या प्रशिक्षकाला एवढंच विचार: तुमच्याकडे त्याची नोंद आहे का?

आणि करार त्याने स्वतः वाचला का, हेही विचार. नी लॅम्प्टी हे नाव तू ऐकलं नसशील. घानाचाच, १९९१ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू. पेलेंनी त्याला आपला वारस म्हटलं होतं. कोवळ्या वयात बेल्जियमच्या अँडरलेख्टला गेला. शिक्षण झालेलं नव्हतं, सही कशावर करतोय ते वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या विक्रीतला मोठा वाटा दुसऱ्याच्याच खिशात जात राहिला. पुढे त्याने अक्रात शाळा काढली.

एक गोष्ट मी आजवर कुठे छापली नाही. आपल्या शाहू स्टेडियमवर मोसमात नायजेरियाची पोरं खेळायला येतात, तुला माहीतच आहे. पेठेतल्या एका तालमीकडून खेळणारा असाच एक जण, गल्लीतल्या खोलीत राहायचा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी मुलाखतीला गेलो. बोलता बोलता त्याने गादीखालून प्लास्टिकची फाइल काढली. आत एका मोठ्या युरोपियन क्लबचं पत्र, चाचणीचं निमंत्रण. वर क्लबचं चिन्ह, खाली सही, शिक्का. फोन नंबर कुठेच नाही. कुणा एजंटाने घरच्यांकडून पैसे घेऊन आणून दिलेलं. किती घेतले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पत्रात क्लबच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. माझं बोट तिथे थांबलं तसा तो म्हणाला, 'ठाऊक आहे.' मग हे ठेवलंस कशाला, असं मी विचारलं. घडी घालत म्हणाला, 'माझं नाव बरोबर लिहिलंय.'

दुसऱ्या दिवशी त्याने दोन गोल केले. माझी बातमी तेवढीच, दोन गोल.

तुझ्या लेखात त्या मुलाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने आलंय. आणि ज्याला तू 'लाडाचं नाव' म्हटलंस ते जन्मवाराचं आहे. अकान घरांत शुक्रवारी झालेला कोफी, शनिवारी झालेला क्वामे. उच्चार त्याच्या घरच्यांकडूनच घे. घाना आपल्यामागे साडेपाच तास आहे. तू सकाळी दहाला फोन लावतेस म्हणून कुणी उचलत नाही, तिथे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. दुपारी तीननंतर लाव. पुरवणीचं पान गुरुवारी लागतं, बुधवार रात्रीपर्यंत नवी कॉपी पाठव. डेस्कवर माझं नाव सांगून चारशे शब्द वाढवून माग, पण मिळतील याची खात्री नाही.

तुझा,
निवृत्त उपसंपादक