ब्लॉक बदलला की हॉर्सपॉवर बदलते का? वणीच्या भावाच्या प्रश्नावर

भाऊ, तू विचारलंस ते थोडक्यात असं. सेकंडहँड स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) घेतली आहेस, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकची. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, ज्यात सिलिंडर असतात. मित्र म्हणतात, जुन्या टोयोटा सुप्राचा ब्लॉक लोखंडी होता म्हणून त्यातून हजार हॉर्सपॉवर निघते, ॲल्युमिनियममधून तेवढी कधीच निघणार नाही. आणि एका बोअरिंगवाल्याने सांगितलं की बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाईज (जरा मोठ्या मापाचे) पिस्टन टाकले की गाडी जोरात पळेल. तर ब्लॉकच्या घडणीने हॉर्सपॉवरमध्ये फरक पडतो का?

पडतो, पण मित्र दाखवतात त्या जागी नाही. ब्लॉकमुळे तीन गोष्टींची हद्द ठरते: सिलिंडर किती रुंद नि पिस्टनची चाल (स्ट्रोक) किती लांब ठेवता येईल, इंजिन किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेरे) सुखरूप फिरेल, आणि आतला दाब किती सोसला जाईल. ताकद तयार होते ती सिलिंडरमध्ये गेलेल्या हवेतून आणि तिच्याबरोबर जळलेल्या पेट्रोलमधून. हवा आत घ्यायचं काम हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग), व्हॉल्व्ह, ते उघडणारा कॅमशाफ्ट, हवा दाबून आत ढकलणारा टर्बो आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांचं. कंपनीतून आली तशीच गाडी चालवणाऱ्याला ब्लॉक लोखंडाचा की ॲल्युमिनियमचा, हे ॲक्सिलरेटर दाबून कळायचंच नाही. धातूमुळे वजनात फरक पडतो. तो गाडीच्या पळण्यात आणि वळणावर जाणवतो, हॉर्सपॉवरच्या आकड्यात नाही.

आपल्या गावोगाव फिरलेलं उदाहरण घे. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल, म्हणजे स्विफ्ट डिझेलचं इंजिन. १२४८ सीसी, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, जवळपास तेवढीच) देत होतं, अर्टिगात ९०. सीसी तेच, बोअर-स्ट्रोक तेच. मुख्य फरक टर्बोचा, कारण अर्टिगात व्हेरिएबल जिओमेट्रीचा, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा, टर्बो होता. ॲल्युमिनियमचं उदाहरण हवं असेल तर स्कॉर्पिओ-एनचं २.२ डिझेल बघ. तेच इंजिन १३२ पीएसमध्येही मिळतं आणि १७५ पीएसमध्येही.

आता सुप्रा. तिचं २जेझेड-जीटीई इंजिन २९९७ सीसीचं, बोअर ८६ नि स्ट्रोकही ८६. जपानात ते २८० पीएसचं म्हणून विकलं गेलं आणि अमेरिकेत ३२० हॉर्सपॉवरचं. ब्लॉक एकच. टर्बो, इंजेक्टर आणि कॅमशाफ्ट वेगळे. हजार हॉर्सपॉवरच्या ज्या सुप्रा मित्रांनी पाहिल्या, त्यांत टर्बो, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असं जवळजवळ सगळं बदललेलं असतं. ब्लॉक मात्र पुष्कळदा कंपनीचाच राहतो. त्याची खरी थोरवी हीच, की इतका दाब आला तरी तो फाटत नाही. ती ताकद त्याने निर्माण केलेली नसते.

याहून मोठं उदाहरण फॉर्म्युला वनमधलं आहे आणि मला ते फार आवडतं. १९६२ साली बीएमडब्ल्यूने १५०० नावाची साधी घरगुती सेडान काढली, १४९९ सीसी, ८० पीएस. त्याच एम१० घराण्याच्या लोखंडी ब्लॉकवर त्यांनी पुढे फॉर्म्युला वनचं टर्बो इंजिन उभं केलं, तेही दीड लिटरचंच. १९८३ मध्ये नेल्सन पिके ब्रॅबहॅमच्या गाडीत ते इंजिन घेऊन जगज्जेता झाला. शर्यतीत ते सहाशेच्या वर हॉर्सपॉवर देत होतं आणि पुढच्या वर्षांत क्वालिफाइंगला (शर्यतीआधीच्या वेळ लावायच्या फेऱ्यांत) हजाराच्या वर. पण आकडे नीट बघ. सेडानमध्ये बोअर ८२ नि स्ट्रोक ७१ मिमी होता. शर्यतीच्या इंजिनात बोअर ८९.२ नि स्ट्रोक फक्त ६०. सीसी तेवढीच ठेवून सिलिंडर रुंद आणि चाल आखूड केली. तुझ्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

सिलिंडर रुंद असला की वर मोठे व्हॉल्व्ह बसतात, म्हणजे जास्त आरपीएमला हवा कमी पडत नाही. चाल आखूड असली की त्याच आरपीएमला पिस्टनचा वेग कमी राहतो. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा स्ट्रोकभर धावतो, म्हणून सरासरी वेग काढायला स्ट्रोकची दुप्पट करून आरपीएमने गुणायचं, आणि सेकंदाचा हवा म्हणून ६० ने भागायचं. तुझ्या गाडीचा स्ट्रोक ८५.९ मिमी. ६००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला साधारण १७ मीटर वेगाने धावतो. होंडा एस२००० चा स्ट्रोक ८४ मिमी, पण ते इंजिन ९००० च्या आसपास जात होतं, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला रॉड, बोल्ट नि बेअरिंगवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, आणि तो शेवटी ब्लॉकच्या मेन कॅपवर, म्हणजे क्रँकशाफ्टला खालून धरणाऱ्या कड्यांवर, येऊन पडतो. म्हणून अशा इंजिनांत मेन कॅप सुट्या न ठेवता सगळ्या एका जाड चौकटीत बांधतात.

याच होंडाने पुढे अमेरिकेसाठी तेच इंजिन बदललं. बोअर ८७ मिमी तेवढाच ठेवला, स्ट्रोक ८४ वरून ९०.७ केला. १९९७ सीसीचं इंजिन २१५७ सीसीचं झालं. हॉर्सपॉवर किती वाढली? आधी २४०, नंतरही २४०. आधी ती ८३०० आरपीएमला मिळत होती, नंतर ७८०० ला. टॉर्क (फिरवायचा जोर) मात्र २०८ वरून २२० न्यूटन-मीटर झाला. गावातल्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमधून ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडताना दुसरं इंजिन जास्त जोरकस वाटेल. कागदावर दोघं सारखीच.

हिशेब सोपा आहे. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुण आणि ७०२३ ने भाग, पीएस मिळतात. तुझी गाडी ३५०० ला २५० न्यूटन-मीटर देते, म्हणजे त्या क्षणी सुमारे १२५ पीएस. ५००० ला १५० पीएस मिळतात तेव्हा टॉर्क २११ च्या आसपास उतरलेला असतो. हॉर्सपॉवर वाढवायची तर टॉर्क वाढव किंवा तोच टॉर्क आणखी वरच्या आरपीएमपर्यंत टिकव, तिसरा मार्ग नाही. ब्लॉक या दोन्ही वाटांची हद्द सांगतो.

आता तो अर्धा मिलिमीटर. तुझ्या इंजिनाचा बोअर ७४.५ मिमी. तो ७५ केला तर १४९८ सीसीचे १५१८ होतात, वीस सीसी वाढले. सव्वा टक्क्याच्या जरा वर. बाकी सगळं तसंच राहिलं तर फार तर दोन पीएस. त्यासाठी इंजिन उतरवायचं, पिस्टन मागवायचे आणि दोन सिलिंडरमधली भिंत पातळ करायची. ओव्हरसाईज हा झिजलेल्या बोअरवरचा उपाय आहे, ताकद वाढवायचा नाही. बोअर झिजला नसेल तर कोणालाही हात लावू देऊ नकोस.

ब्लॉकची खरी परीक्षा दाबाखाली होते. टर्बो पेट्रोल इंजिनात जळणाच्या क्षणी सिलिंडरमध्ये शंभर बारच्या आसपास दाब येतो. तुझ्या पिस्टनच्या माथ्यावर तो पडला की जोर होतो साधारण साडेचार टन. तोच जोर हेडला वर ढकलतो आणि क्रँकला खाली. हेडचे बोल्ट ब्लॉकमध्ये रुतलेले, मेन कॅपचे बोल्टही ब्लॉकमध्येच. म्हणजे प्रत्येक स्फोटाला ब्लॉक वर-खाली ताणला जातो. टर्बोचा दाब वाढवला की हा ताण वाढतो, आणि इथे घडणीतला फरक दिसायला लागतो.

हेड काढून ब्लॉककडे वरून पाहिलं तर काही ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या नळ्या पाण्याच्या खंदकात मोकळ्या उभ्या दिसतात. त्याला ओपन डेक म्हणतात. ओतायला सोपा, वरच्या भागाला पाणी भरपूर, कंपनीच्या ताकदीला पुरेसा. दाब फार वाढवला तर नळीचं वरचं टोक किंचित हलतं, आणि हललं की हेड गॅसकेट (हेड नि ब्लॉकमधली सील) जातं. क्लोज्ड डेकमध्ये वरचा पृष्ठ भरीव असतो, पाण्यासाठी फक्त भोकं. २जेझेड तसाच आहे, आणि ॲल्युमिनियमचा असून बीएमडब्ल्यूचा आजचा बी५८ देखील तसाच आहे. निस्सान जीटी-आरचं इंजिनही ॲल्युमिनियमचं. मित्रांना हे सांग. लोखंड जाड आणि सहनशील खरं, पण ॲल्युमिनियममध्ये ताकद निघत नाही हा समज या दोन इंजिनांनी कधीच मोडला आहे.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. हेडचे बोल्ट टॉर्कला आवळले की ब्लॉक ताणला जातो आणि गोल बोअर किंचित वाकडा होतो. डोळ्याला दिसत नाही, बोअर गेज लावला की काटा हलतो. म्हणून चांगला होनिंगवाला (बोअर आतून बारीक घासून मापात आणणारा) हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट बसवतो, बोल्ट कंपनीच्या टॉर्कला आवळतो आणि मग होनिंग करतो. असं केल्याने हेड बसल्यावरही बोअर गोल राहतो, रिंगा सगळीकडून टेकतात, दाब खाली गळत नाही. यातून मिळणारी ताकद थोडी असते, पण खरी असते आणि टिकते. रिंगांचं घर्षण, क्रँककेसमधून हवा इकडून तिकडे जायला ठेवलेल्या खिडक्या, या बारकाव्यांनीही वरच्या आरपीएमला चार-दोन हॉर्सपॉवर इकडे-तिकडे होतात. ते शर्यतवाल्यांचं काम, आपण सोडून देऊ.

आपल्याकडे ब्लॉकपेक्षा ऊन, पाणी आणि धूळ जास्त हॉर्सपॉवर खातात. मे महिन्यात वणी-चंद्रपूरकडे पारा ४५ ला जातो. २५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. टर्बो थोडी भरपाई करतो, पण तापलेली हवा इंटरकूलरलाही आवरत नाही. मग ईसीयू नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी भडकून होणारी ठोक) टाळायला इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. दुपारी दोनला गाडी मरगळलेली आणि पहाटे मोकळी वाटते, ती यामुळे.

पाण्याचं तर आम्ही रोज बघतो. मी मूर्तिजापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. इथे रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतायची सवय ट्रॅक्टरपासून लागली आहे. ट्रॅक्टरचा लायनर (सिलिंडरची सुटी नळी) बाहेर काढला की त्याच्या पाठीवर सुई टोचल्यासारखे खड्डे दिसतात, आणि पाण्याच्या वाटा पांढऱ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या. लोखंडी ब्लॉक हे वर्षानुवर्षं सहन करतो. ॲल्युमिनियमला मात्र खारं पाणी खातं. हेड उचललं की पाण्याच्या भोकांभोवती पांढरी भुकटी नि कुरतडलेल्या कडा, अगदी गॅसकेटची कड बसते तिथे. फीलर गेज (पातळ मापाची पाती) सरळपट्टीखाली सरकवून बघितला की कळतं, फेस, म्हणजे गॅसकेट बसायचा सपाट पृष्ठ, गेला. फेस गेला की गॅसकेट नवीन टाकूनही टिकत नाही. लोखंडी आणि ॲल्युमिनियम ब्लॉकमधला मालकाला खरोखर भोगावा लागणारा फरक हा आहे. तुझी गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने काय ओतलं ते माहीत नाही. कूलंट पूर्ण काढ, कंपनीने सांगितलेलंच भर. मिसळावं लागलं तर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत टाकतात तेच.

वणीला कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ आहे. एअर फिल्टर सर्व्हिस बुकातल्या किलोमीटरची वाट न बघता बदल. फिल्टरच्या कडेने धूळ आत गेली तर बोअर सगळ्यात वर झिजतो, वरची रिंग जिथे थांबून वळते तिथे. तिथलं माप आणि खालचं माप यातला फरक हाच झिजेचा हिशेब.

रीमॅपचं (ईसीयूचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवायचं) विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तोच असणार. तुझी गाडी डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, असेल तर तो ड्राय क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० आहे, त्याची हद्द २५० न्यूटन-मीटर. तुझं इंजिन कंपनीतूनच २५० देतं. म्हणजे ब्लॉकच्या हद्दीला पोचायच्या कितीतरी आधी गिअरबॉक्स हात टेकेल. मॅन्युअल असेल तर आधी क्लच घसरेल. इंजिनच दुसरं बसवायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाच, आरटीओच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही.

आत्ता एवढं कर. इंजिन गरम असताना चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना होणारा दाब) मोजून घे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. चारांत एखादा बराच खाली असेल तर त्याची लीक-डाऊन टेस्ट कर. सिलिंडरमध्ये हवा भरली की ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. चारही आकडे, कूलंटचा रंग आणि गाडी मॅन्युअल की डीएसजी, हे इथे टाक. मग रीमॅप करावा की नाही ते बघू.