48 व्होल्टवरून 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या फुल ब्रिजला (चार मॉसफेटचा कन्व्हर्टर) कोणता सिंक्रोनस रेक्टिफायर (डायोडऐवजी मॉसफेट) कंट्रोलर घ्यावा?

भाऊ, तुमच्या सर्किटात ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (आउटपुटकडची वाइंडिंग) सेंटर टॅप, म्हणजे मधोमध जोडणी काढलेली आहे आणि पुढे चोक (कॉइल), म्हणजे 30 अँपिअर करंट सलग वाहणार. म्हणून ड्रेन-सोर्स व्होल्टेज बघून मॉसफेट बंद करणारा कंट्रोलर टाळा. यूसीसी24624 चांगलाच आहे, पण एलएलसी (रेझोनंट) कन्व्हर्टरसाठी. तिथे करंट आपसूक शून्यावर येतो. इथे तो झपकन उतरतो, मॉसफेट उशिरा बंद होतो आणि सेकंडरी शॉर्ट होते.

यूसीसी28950 घ्या. तो प्रायमरीच्या टायमिंगवरूनच रेक्टिफायरचे सिग्नल देतो. कंट्रोलर प्रायमरीकडे ठेवला तर मधे आयसोलेटेड गेट ड्रायव्हर लागेलच.

ट्रान्सफॉर्मर 5:2 ठेवा (अर्ध्या सेकंडरीशी). 3:1 ने 48 व्होल्टची बॅटरी बँक उतरून 44 व्होल्टवर आली की चार्जिंगला लागणारे 14.4 व्होल्ट निघत नाहीत. बँक 58 व्होल्टला असताना सेकंडरीच्या प्रत्येक मॉसफेटवर 46 व्होल्ट येतात, वर रिंगिंग (स्विचिंगच्या वेळचे व्होल्टेजचे झटके). 100 व्होल्टचाच लावा, आरसी स्नबर (हे झटके शोषणारे रेझिस्टर-कपॅसिटर) अगदी त्याच्या पायांजवळ. विदर्भातल्या मे महिन्यात, मोटारीच्या खोलीत टिनाखाली, डेटाशीटमधला 25 अंशांचा ऑन-रेझिस्टन्स दीडपट धरा.

यूसीसी28950 ची डीसीएम पिन (कमी करंटला रेक्टिफायर बंद करणारी) मात्र नीट सेट करा. कमी लोडला रेक्टिफायर चालूच राहिले तर बॅटरीचा करंट चोकमधून उलटा प्रायमरीकडे जातो, आणि उडतात ते ब्रिजचे मॉसफेट.