सात वाक्यांची भूमिका

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. पाचवीपासून वक्तृत्व स्पर्धांत भाग घेते, चौदा प्रमाणपत्रं जमली आहेत. भाषण मी लिहून देतो, ती पाठ करते. गेल्या महिन्यात एका आंतरशालेय स्पर्धेत 'मोबाइल : शाप की वरदान' या विषयावर बोलताना तिसऱ्या मिनिटाला ती अडली आणि रडत खाली उतरली. मला फार लागलं, दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आता स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं. शाळेच्या बालनाट्यात तिला पोस्टमनचं काम मिळालं आहे, पण वाक्यं सातच आहेत आणि वैयक्तिक प्रमाणपत्रही नाही, म्हणून मी नको म्हटलं. तिला पुढे यूपीएससीला बसवायचं आहे. स्टेज डेअरिंगसाठी अठरा हजारांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स लावावा का? तिचं भाषण सोबत जोडलं आहे.
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं 'दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही' हे वाक्य वाचून मी थांबलो. कोर्स, प्रमाणपत्रं, यूपीएससी हे सगळं नंतर बघू. तेरा वर्षांची मुलगी शंभर लोकांसमोर अडली, रडली, खाली उतरली. त्या क्षणी तिला सभागृहात एकच माणूस हवा होता आणि तो दोन दिवस गप्प राहिला. यातून तिच्या मनात जे बसलं ते असं : मी अडले तर बाबा माझे राहत नाहीत. पुढच्या स्पर्धेला उभी राहताना तिच्या डोक्यात मोबाइलचे फायदे-तोटे नसतील, हेच असेल. पोट त्यामुळेच दुखतं. ते इतर दिवशीही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. फक्त स्पर्धेच्या सकाळी दुखत असेल तर ती भीती आहे, आणि खरं दुखणं आहे. तिला 'नाटकं करतेस' असं म्हणू नका.

तिची माफी मागा. 'त्या दिवशी मी गप्प राहिलो, ते माझं चुकलं' एवढं पुरे. त्याला जोडून 'पण तूही तयारी नीट...' असं काही आलं, तर ती माफी राहणार नाही.

आता भाषण. तुम्ही पाठवलेला मजकूर मी मोजला. तो ८६० शब्दांचा आहे आणि स्पर्धेची वेळ पाच मिनिटं. सभागृहात मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू जाईल अशा बेताने या वयाचं मूल मराठीत मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द बोलतं. म्हणजे पाच मिनिटांना ५०० शब्द, आणि थांबायला जागा हवी असेल तर ४७०-४८०. तुमची मुलगी मिनिटाला १७० शब्दांच्या वेगाने धावत होती. त्यात 'आधुनिक तंत्रज्ञानाच्या झंझावातात हरवत चाललेल्या समाजमनाच्या अंतरंगात डोकावताना' असं सुरू होणारी वाक्यं. ती एका श्वासात संपत नाहीत, म्हणून शब्दाच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो. दोन मिनिटं असं बोलल्यावर छाती भरून येते आणि तिसऱ्या मिनिटाला पुढचं आठवत नाही. तिचं धैर्य कमी पडलेलं नाही. कागदावर मजकूर जास्त होता, आणि तो तिचा नव्हता.

शब्दन् शब्द पाठ करण्यात आणखी एक धोका असतो. प्रत्येक शब्द मागच्या शब्दाला धरून आठवतो. मागून कुणी खोकलं, दार वाजलं आणि एक शब्द सुटला की पुढचं सगळंच सुटतं. ज्या मुलाला आपले मुद्दे ठाऊक असतात, त्याचं एखादं वाक्य गेलं तरी ते पुढच्या मुद्द्यावर उडी मारतं आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. अनुभवी परीक्षकाला मोठ्या माणसाने लिहून दिलेलं भाषण पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखू येतं. आठवीतली मुलगी 'समाजमनाचे अंतरंग' म्हणत नाही.

म्हणून तुम्ही तिची भाषणं लिहिणं आजपासून थांबवा. त्याऐवजी तिला तीन प्रश्न विचारा : या विषयात तुला स्वतःला काय खटकतं? तू डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण कोणतं? तुझ्याशी कोण भांडेल आणि ते काय म्हणेल? ती बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मध्ये बोलू नका. हाच तिच्या भाषणाचा पहिला खर्डा. तो तिने स्वतः कागदावर उतरवायचा, वाक्यं दहा-बारा शब्दांची ठेवायची. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच मुद्द्यांचे पाचच शब्द लिहायचे आणि पुढचा सराव त्या पाच शब्दांवरून करायचा. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं पाठ हवं, कारण छातीत सगळ्यात जास्त धडधड तिथेच असते.

सुरुवातीचं 'आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो' हे म्हणायला, मग विषय सांगायला आणि नंतर चारोळी म्हणायला अर्धा मिनिट जातो. पाचातला अर्धा! 'नमस्कार' म्हणून थेट उदाहरणावर यायचं.

अडण्यावर खरा उपाय अडण्याचा सराव हाच आहे. ती घरी बोलत असताना आईने मध्येच विचारावं, 'हे शेवटचं काय म्हणालीस?' तिने उत्तर द्यावं आणि जिथून सोडलं तिथून पुढे जावं. आठवडाभर रोज दोनदा केलं की व्यत्ययाची भीती जाते. मंचावर अडलीच तर आधीचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणायचं, श्वास घ्यायचा, पुढच्या मुद्द्यावर जायचं. दोन-तीन सेकंदांची शांतता तिला मिनिटभराची वाटते, समोरच्याला ती विचार करते आहे असं वाटतं. गुण जातात ते वेळ ओलांडल्यावर. बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांच्या स्पर्धेत चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा होते. ती वाजली की कुठेही असली तरी शेवटच्या मुद्द्यावर यायचं, हे आधीच ठरलेलं असावं. नियमावलीत घंटेची वेळ काय आहे ते वाचून घ्या.

माइककडे कुणीच लक्ष देत नाही. तो प्रमुख पाहुण्यांच्या उंचीला लावलेला असतो, मग मूल मान वर करून बोलतं आणि गळा आवळला जाऊन आवाज बारीक होतो. बोलायच्या आधी माइक स्वतःच्या हनुवटीपर्यंत खाली घ्यायचा किंवा घ्यायला सांगायचा. त्याला पाच सेकंद लागली तरी चालतात. तोंडापासून एक वीत अंतर, आणि माइक किंचित बाजूला. नाहीतर प, फ, ब, भ म्हणताना हवा थेट आदळते आणि 'भप्प' असा आवाज ऐकू येतो.

आता तुमच्या एका समजाविषयी, कारण तो नाशिकमध्ये घरोघरी आढळतो : वक्तृत्व चांगलं म्हणजे यूपीएससीची मुलाखत सोपी. नागरी सेवा परीक्षेत अंतिम यादी २०२५ गुणांवर लागते. त्यातले १७५० मुख्य परीक्षेच्या लेखी पेपरांचे आणि २७५ मुलाखतीचे. म्हणजे आधी लिहिता आलं पाहिजे, तेही रोज तीन-तीन तास. मुलाखतीतही भाषण नसतं. मंडळ प्रश्न विचारतं, उमेदवाराने अर्जात लिहिलेल्या छंदाबद्दल, गावाबद्दल, शिकलेल्या विषयाबद्दल. उमेदवाराने प्रश्न पूर्ण ऐकायचा, क्षणभर थांबायचं, माहीत असेल तेवढंच सांगायचं, नसेल तर तसं म्हणायचं. हातवारे करून चढ्या सुरात बोलायची सवय तिथे अडचणीची ठरते. आणि शालेय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांना त्या परीक्षेत एकही गुण नाही. ती परीक्षा देण्यासाठी पदवी आणि किमान २१ वर्षं वय लागतं. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. हे ठरवायला मधली आठ वर्षं तिची आहेत, ती तिला द्या.

दहावीच्या वाढीव गुणांचंही तसंच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर ते मिळतात (अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३), म्हणून पालकांना वाटतं की कुठलंही प्रमाणपत्र चालेल. मंडळांनी-क्लबांनी भरवलेल्या वक्तृत्व स्पर्धांचं चालत नाही.

तुम्ही एका वाक्यात उडवून लावलेलं बालनाट्य मात्र मला तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटली.

वक्तृत्वात मूल एकटं असतं आणि बोलणं फक्त त्याचंच असतं. नाटकात दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय स्वतःचं वाक्यच येत नाही. तुमच्या मुलीला आज नेमकी हीच गोष्ट हवी आहे. सात वाक्यांच्या पोस्टमनला काय काय करावं लागतं ते पाहा. वीस मिनिटं विंगेत शांत उभं राहायचं, कुजबुजायचं नाही. समोरच्याचं वाक्य संपल्यावर निघालं तर मंच रिकामा पडतो, म्हणून ते संपायच्या दोन शब्द आधी पाऊल उचलायचं. ज्याला पत्र द्यायचं त्याच्याकडे पूर्ण वळलं तर प्रेक्षकांना पाठ दिसते, म्हणून अंग अर्धं प्रेक्षकांकडे ठेवायचं. कुणाला झाकायचं नाही. प्रेक्षक हसले तर हशा ओसरू लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर पुढचं वाक्य त्यात बुडतं. आणि दुसऱ्याच्या वाक्यांबरोबर ओठ हलवायचे नाहीत. पाठांतराची सवय असलेल्या मुलांकडून ही चूक हमखास होते, कारण त्यांना अख्खी संहिता तोंडपाठ असते. तुमच्या लेकीचंही होईल, दिग्दर्शकांना आधीच सांगून ठेवा.

घरी मदत करायची असेल तर अशी करा. पोस्टमनची पिशवी रंगीत तालमीपर्यंत राखून ठेवू नका, पहिल्या आठवड्यापासून खांद्याला लावू द्या. पट्टा खांद्यावरून घसरतो, पत्र बाहेर येत नाही, हे सगळं तालमीतच व्हायला हवं. वाक्याचा शेवट गिळला जातो का ते ऐका. 'पत्र आलंय' मधलं 'य' मागच्या रांगेत पोचत नाही, कारण तोवर श्वास संपलेला असतो. सोसायटीच्या जिन्यात तुम्ही दोन मजले वर उभे राहा, तिला खालून बोलू द्या. ओरडायचं नाही, शेवटचं अक्षर पोचवायचं. आणि शाळेला तीन गोष्टी विचारून घ्या : तालीम किती आठवडे, रोज किती वेळ, चाचणीच्या आठवड्यात बंद असते का. सहा आठवडे रोज दीड-दोन तास हे आठवीला झेपतं.

तुम्हाला वैयक्तिक प्रमाणपत्राची काळजी आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेत अभिनयाची वैयक्तिक बक्षिसंही असतात, नाशिक केंद्रावरही ही स्पर्धा होते. पण कृपा करून हे वाचून तिला मोठी भूमिका मागायला पाठवू नका.

कोर्स लावू नका. अठरा हजारांत जे शिकवतील त्यातलं बरंचसं वर आलं आहे. त्यातले थोडे पैसे सार्वजनिक वाचनालयाच्या वर्गणीला आणि त्याच आवारातल्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात वर्षाला चार नाटकं दाखवायला वापरा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिला काही मोजावं लागत नाही. दोन-तीन संध्याकाळी तिला घेऊन जा. चांगला वक्ता कुठे थांबतो, कागदाकडे कधी बघतो, हे ती आपोआप टिपेल. परतताना परीक्षा घेऊ नका, तिला जे आवडलं ते तिलाच सांगू द्या.

पुढे तिला यातच रस राहिला तर वाटा भरपूर आहेत : बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचं विधी शिक्षण, विज्ञान घेतलं तर वाचा व श्रवण उपचाराची पदवी, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण, पदवी आणि नाटकांत कामाचा अनुभव असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, शिवाय पत्रकारिता आणि शिक्षकी पेशा. आठवीत यातलं काहीही निवडायचं नसतं.

वक्तृत्व स्पर्धा या वर्षापुरत्या बंद ठेवा. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास नाशकात स्पर्धांची रांग लागते आणि शाळेतून चिठ्ठ्या येतील, तेव्हाही. तिने स्वतःहून नाव द्यायचं म्हटलं तर द्यावं, विषय आणि भाषण तिचं.

नाटकाच्या संमतीपत्रावर तुम्ही सही केली नसेल, तर आज करा आणि ते तिच्या हातात स्वतः द्या. प्रयोगाला मागच्या रांगेत बसा आणि मोबाइल खिशात ठेवा. सात वाक्यांतलं एखादं चुकलं, तरी बाहेर आल्यावर त्याचा विषय तिने काढेपर्यंत तुम्ही काढू नका.