रागाचा धनी कोण?

प्रश्न : जुने संतपट पुन्हा पाहतो आहे. त्यांतला शास्त्री किंवा गोसावी नेहमी ढोंगी, मत्सरी, वर बाहेरख्याली. सगळे खरंच असे होते, की चित्रपटवाल्यांनी धर्मपीठाची बदनामी केली?

उत्तर : सगळे असे नव्हते. पण बदनामीचं म्हणाल, तर मला उलटंच वाटतं : धर्मपीठ फार स्वस्तात सुटलं.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. त्यातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, त्यांना भुलवायला कलावंतीण धाडतो. आपण हसतो, चिडतो, मोकळे होतो. सालोमालो काही अगदी हवेतून आणलेला नाही. गाथेत तुकोबांनी त्याला चांगलंच फटकारलं आहे. देहूत प्रत्यक्ष छळ मांडला तो मात्र मंबाजी गोसाव्याने. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई तेव्हा देहूतच होत्या. मंबाजीने त्यांची गाय बांधून झोडपली, हे त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगितलं आहे. पडद्यावर त्याचाही मत्सर सालोमालोच्याच खाती जमा झाला. चित्रपटात एवढं चालायचंच.

मला खटकतं ते रामेश्वरभट्टांचं. वाघोलीचे हे विद्वान चोर नव्हते, लंपट तर नव्हतेच. शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघणं शास्त्राला मंजूर नाही, या ठाम समजुतीने त्यांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असं परंपरा सांगते. म्हणजे नियमाला धरून, शुद्ध मनाने. मला याचीच जास्त भीती वाटते. सालोमालो जन्मालाच आला नसता, तरी त्या नियमाने वह्या बुडाल्याच असत्या. चित्रपटात शास्त्रीबुवा आहेत, निवाडाही तेच देतात, पण सालोमालोने कान भरल्यावर. त्यामुळे दोष एका लबाडाचा ठरतो आणि नियमाकडे कुणी बोट दाखवत नाही.

शिवाय ही माणसं शेवटपर्यंत खलनायक राहत नाहीत. ज्ञानदेवादी भावंडांना छळणारा विसोबा चाटीच पुढे विसोबा खेचर झाला, नामदेवांचा गुरू! रामेश्वरभट्टही तुकोबांचे शिष्य झाले. ‘आरती तुकारामा’ ही आरती त्यांचीच. पडद्यावरचे शास्त्रीही शरण येतात. पण तोवर आपला सगळा राग सालोमालोवर खर्च होऊन गेलेला असतो.